गाइड पुसायचा असतो

वीज गेली, पंखे थांबले, तशी घरातली तरुण मंडळी चटया उचलून गच्चीवर आली. काका आधीच येऊन बसले होते. त्यांचा सगळा जन्म माइक आणि स्पीकर दुरुस्त करण्यात गेलेला. अंधाराचं त्यांना काही वाटत नसे. उलट दिवे गेले की ते खुशीत यायचे.

सून बाळाला मांडीवर घेऊन जिन्याच्या दाराजवळ बसली. बाळाचा नुकताच डोळा लागला होता. पुतणी तिला टेकून बसली. पुतण्या कठड्याला पाठ लावून बसला. त्याला प्रत्येक गोष्टीत पुरावा लागायचा, म्हणून घरात त्याला 'वकील' म्हणायचे.

"काका, भुताचं सांगा काहीतरी," पुतणी म्हणाली.

"पण खरं सांगा," वकील म्हणाला. "कुणाच्या तरी मित्राच्या मेहुण्याला म्हणे दिसलं, तसलं नको."

"माझ्या भाचीच्या बाबतीत घडलेलं आहे. आणि दिसलं नाही, ऐकू आलं. चालेल का वकीलसाहेब?"

"भाची म्हणजे कानवाली ताई?"

"तीच."

वकिलाची हरकत मिटली. कानवाली ताईला सगळे ओळखत होते. ती कधी चेष्टेतसुद्धा खोटं बोलायची नाही.

सून हळूच म्हणाली, "बाबा, लहान मुलाचं काही असेल तर नको."

काकांनी बाळाकडे पाहिलं. "आहे," म्हणाले. "पण पोर धडधाकट आहे हो. परवाच फोनवर घसा फोडून माझ्याशी भांडली. सांगू?"

सुनेनं बाळाच्या अंगावरचं पांघरूण वर ओढलं आणि मान डोलावली.

काकांनी सांगायला सुरुवात केली.

डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे सव्वाअकरा. कानवाली स्टुडिओत एकटीच काम करत बसली होती.

स्टुडिओ म्हणजे काही राजवाडा नव्हता. खाली शिंप्याचं दुकान, बाजूनं अरुंद जिना, वर दोन खोल्या. एका खोलीत कॉम्प्युटर आणि बटणांचं मोठं टेबल. दुसरी गाण्याची खोली, भिंतींना जाड गाद्या लावलेली. दोन्हींच्या मध्ये दुहेरी काच. गाण्याच्या खोलीचं दार लावलं की आत चिडीचूप. वरच्या मजल्यावर मालक राहायचे. त्यांना सगळे 'सर' म्हणायचे.

आणि हिला कानवाली का म्हणायचे? तर रेकॉर्डिंग ऐकता ऐकता ही मध्येच म्हणायची, "शेजारच्या घरात फ्रिज चालू होता वाटतं." आणि तो चालू असायचाच. पुढे पुढे तर सर गमतीनं म्हणायचे, हिच्यासमोर मनातसुद्धा काही बोलायची सोय नाही.

सरांना जुनी गाणी एका मोठ्या कंपनीला द्यायची होती. त्यासाठी ती सगळी नीट लावून जपून ठेवण्याचं काम कानवालीकडे आलं. स्टुडिओत या कामाला 'गाणी झोपवणं' म्हणायचे. कॉम्प्युटरवर गाणं एकसंध नसतं. गाणाऱ्याची एक पट्टी, बासरीची एक, गिटारची एक. त्या पट्टीला म्हणायचं ट्रॅक. आज ज्या प्रोग्रॅममध्ये गाणं उघडतं तो वीस वर्षांनी असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक ट्रॅकची वेगळी, साधी आवाजाची फाइल काढायची. सगळ्या फायली एकाच ठिकाणापासून सुरू झाल्या पाहिजेत. बासरी भले शेवटी वाजू दे, तिच्या आधीची शांतताही जपायची. म्हणजे पुढे कुणीही त्या शेजारी शेजारी लावल्या की गाणं जसंच्या तसं उठून बसतं. हेच ते झोपवणं. झोपवायचं ते उठण्यासाठी.

"पोरासारखंच की," पुतणी म्हणाली.

"अगदी पोरासारखं," काका म्हणाले. "आणि पोर झोपवताना त्याच्याकडे बघावं लागतं. कानवालीनं त्या दिवशी तेवढंच केलं नाही."

सोमवारी कंपनीचा माणूस येणार होता. काम तुंबलेलं. नवरा जहाजावर, सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या. घरी छकुली. सहा-सात महिन्यांची, अजून रांगत नव्हती. तिला ठेवायची कुणाकडे? म्हणून कानवालीनं तिला सोबतच आणलं. गाण्याच्या खोलीत जमिनीवर गादी टाकली, बाजूनं उशा लावल्या, वर स्टुडिओतला सगळ्यांत चांगला माइक टांगला आणि दार लावून घेतलं. माइकचा आवाज स्वतःच्या हेडफोनमध्ये घेतला. म्हणजे एकीकडे गाणी ऐकायची आणि दुसरीकडे पोरीचा श्वास. एवढा महागडा माइक एखाद्या राजाच्या पोरालाही मिळाला नसेल.

दर मिनिटाला तिची नजर काचेकडे जायची. पोर झोपलेली. श्वास चालू. पुन्हा काम. पुन्हा नजर.

आता सरांनी तिला एक गोष्ट बजावून सांगितली होती. "प्रत्येक गाण्यात 'गाइड' नावाचा ट्रॅक असेल. तो पुसून टाक. ऐकत बसू नकोस. कचरा आहे तो."

"गाइड म्हणजे?" सुनेनं विचारलं.

गाइड म्हणजे कच्चा आवाज. मोठी गायिका येण्याआधी एखादी साधी बाई ते गाणं गाऊन ठेवते. तिचं ऐकून वाजवणारे वाजवतात. तिचं ऐकूनच मोठी गायिका चाल शिकते. मोठीचा आवाज आला की त्या साध्या बाईचा आवाज काढून टाकतात. सगळीकडे हीच पद्धत आहे. काम झालं की गाइड पुसायचा असतो. सरांच्या स्टुडिओत ठरलेली नामवंत गायिका म्हणजे 'मोठ्या बाई', आणि त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं एकच बाई गाइड गायची. तिलाही सगळे 'गाइड' अशीच हाक मारायचे. गाइड, जरा पाणी पी. गाइड, उद्या लवकर ये. नाव कुणी विचारलंच नाही. कानवाली नोकरीला लागली तेव्हा ती बाई वारलेली होती.

तर कानवाली पुसत चालली होती. एक गाणं उघडायचं, गाइड पुसायचा, बाकीच्या फायली काढायच्या. मग आलं एक अंगाईगीत. त्यातला गाइड जरा वेगळा दिसला. गाणं संपलं तरी गाइडची पट्टी संपत नव्हती. पुढे बरीच लांब गेलेली. आवाजाच्या बारीक बारीक लाटा दिसत होत्या, कुणी हळू बोलत असावं तशा.

तिला वाटलं, माइक चालू राहिला असेल. चहापाण्याच्या गप्पा असतील.

शेजारघरचा फ्रिज ऐकणारी ती… तिनं ते ऐकलं नाही. बोट टेकवलं. पुसलं. आणि जागा अडू नये म्हणून कॉम्प्युटरमधली कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

काचेतून पाहिलं. छकुली झोपलेली.

पुढचं काम बासरीचं. बासरीत मध्ये मध्ये थांबे असतात. त्या थांब्यांत तिला कुजबुज ऐकू आली. बाईचा बारीक आवाज.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बासरीवाला वाजवतो तेव्हा त्याच्या कानाला हेडफोन असतो. हेडफोनमध्ये गाइड वाजत असतो. तो थोडासा बाहेर सांडतो आणि बासरीच्या माइकमध्ये शिरतो. आम्ही त्याला 'गळती' म्हणतो. एखादी बाई तुम्ही पुसलीत, तरी ती अशी दुसऱ्यांच्या ट्रॅकमध्ये थोडी थोडी सांडलेली राहते. कानवालीला हे माहीत होतं. तिनं सगळे थांबे साफ केले.

मग गिटार ऐकली. तिथेही गळती. तीही साफ केली.

मग कीबोर्ड ऐकला.

तिथेही ती बाई गुणगुणत होती.

"मग?" वकील म्हणाला. "तिथेही गळती असेल."

"वकीलसाहेब, कीबोर्डची वायर थेट कॉम्प्युटरला जाते. तिथे माइकच नसतो. गळणार कुठून?"

वकील कठड्यापासून पुढे सरकला.

कानवालीनं ट्रॅक मागे नेला. पुन्हा लावला. गुणगुण होतीच. आता जरा मोठी. आणि ती त्या गाण्याची चाल नव्हती. पोराला थोपटताना आई करते, तसा नुसता हुंकार. तिनं आवाज वाढवला. हुंकार थांबला. कानाशी लागून कुणीतरी विचारलं,

"पुसलंस?"

तिनं हेडफोन ओरबाडून काढला. खोली शांत. घड्याळाची टिकटिक तेवढी. तिला वाटलं, झोप नाही झाली आपली. पोर रात्र रात्र जागवते, त्याचे हे भास. मग तिच्या लक्षात आलं. शेवटची काही मिनिटं हेडफोनमध्ये छकुलीचा श्वास आलाच नव्हता.

काचेकडे पाहिलं.

छकुली रडत होती.

मुठी आवळलेल्या, पाय झाडत होती, तोंड लालबुंद. आणि छकुलीच्या माइकचा आवाज दाखवणारा काटा… खाली पडलेला. हलतही नव्हता.

ती धावली. दार उघडलं. आत शिरली.

शांत.

पोर समोर टाहो फोडत होती. जबडा उघडा. जीभ थरथरत होती. गालांवरून पाणी. आणि आवाज नाही. कण नाही. कानवालीनं टाळी वाजवली. टाळी ऐकू आली. म्हणजे कान ठीक होते. तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं. छाती धपापत होती. तोंड कानाशी नेलं. ऊन ऊन श्वास कानाला लागला. पण आवाज…

"रड ना गं," ती म्हणाली. "रड माझ्या राजा. मोठ्यानं रड."

आपलं पोर रडावं म्हणून कुठली आई असं गयावया करते का? तिनं केलं.

दवाखाना आठवला. ती तशीच जिन्याकडे पळाली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला… पोरीचे ओठ काळेनिळे पडले. तिनं पाय मागे घेतला. ओठ हळूहळू पुन्हा लाल झाले. पुन्हा पायरीवर गेली. पुन्हा निळे.

ती मागे आली. दाराला टेकून उभी राहिली. कॉम्प्युटरच्या खोलीतले मोठे स्पीकर तिनं संध्याकाळपासून लावलेलेच नव्हते. त्यांतून आवाज आला.

"माझीही रडत होती."

मग काही नाही.

"तू ऐकलंस?"

कॉम्प्युटरवर ते अंगाईगीत आपोआप सुरू झालेलं. गाणं संपलं. पण कुठवर वाजलंय ते दाखवणारी उभी रेघ थांबली नाही. ती पुढे सरकत राहिली. गाण्यापलीकडे. जिथे गाइडची लांब पट्टी होती, त्या रिकाम्या जागेतून. हळू. शेवटपर्यंत. मग मागे आली आणि पुन्हा तिथूनच निघाली.

रिकामी जागा. पुन्हा. रिकामी जागा. पुन्हा.

कानवालीला कळलं. तिनं काय पुसलं ते नाही कळलं, पण कुणाचं पुसलं ते कळलं. आणि परत काय द्यायचं तेही कळलं.

टोपली तर रिकामी केलेली. पण एक वाट होती. झोपवायचं काम कधी मूळ डिस्कवर करत नाहीत. आधी कॉपी काढायची आणि कॉपीवर काम करायचं. मूळ डिस्क सर संध्याकाळीच वर घेऊन गेले होते. ती कायमची निकामी व्हावी म्हणून उद्या सकाळी तिला ड्रिलनं भोकं पाडणार होते.

तिनं सरांना फोन लावला. आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

"सर, मोठ्या बाईंचं एक गाणं नीट कॉपी झालं नाहीये. मूळ डिस्क लागेल. आत्ताच."

"आत्ता? सकाळी बघ की."

"सकाळी उशीर होईल सर. अर्धं गाणं गेलंय."

सर खाली आले. अंगात स्वेटर, पायात सपाता, हातात डिस्क, चेहऱ्यावर आठ्या. "मोठ्या बाईंच्या गाण्याला काही झालं असेल ना, तर तुझी खैर नाही. आणि ही पोर इथे काय करतेय? हा स्टुडिओ आहे की पाळणाघर?"

तिनं हात पुढे केला. डिस्क घेतली, जोडली. पोर कडेवर. एका हातानं माउस. अंगाईगीत उघडलं. गाइड सापडला, लांबलचक.

सरांनी तिचा हात पकडला.

"हे कशाला उघडलंस?"

"सर, यात काय आहे?"

"कचरा आहे. सांगितलं ना एकदा?"

"ती बाई शेवटी काहीतरी बोललीये. कुणासाठी?"

सरांनी तिचा हात सोडला. मग खुर्ची ओढून बसले. रात्रीच्या वेळी माणूस कधीकधी उगाच खरं बोलून जातो.

"तिच्या पोरीसाठी," ते म्हणाले. "आजारी होती. जगणार नाही हे तिला ठाऊक होतं. पोर तान्ही. मला म्हणाली, गाणं संपल्यावर रेकॉर्डिंग थोडं चालू ठेवा, पोरीसाठी चार शब्द बोलते. ती मोठी झाली की तिला द्या. पुसू नका, पुसू नका… शंभर वेळा म्हणाली असेल. मी म्हटलं, बरं बाई, नाही पुसत."

"मग?"

"मग काय? गेली. तिची आई यायची पोरीला घेऊन. जिना चढायची, धापा टाकायची. मी सांगितलं, मशीन बिघडलं, सगळं गेलं."

"का सर? द्यायचं होतं की. तुमचं काय जाणार होतं?"

"तुला कानवाली म्हणतात ना?" सर हसले. "मग ऐकायला येत नाही? मोठ्या बाईंचा वरच्या पट्टीत आवाज चढत नाही. इतक्या गाण्यांत जे वरचे सूर लोकांना आवडलेत, ते कुणाचे आहेत? हिचेच. मी मोठ्या बाईंच्या आवाजाखाली लपवून लावलेत. आता हिचं बोलणं, हिची अंगाई बाहेर गेली आणि कुणी दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं, तर कंपनी माझी गाणी घेईल का? काम झालं की गाइड पुसायचा असतो. एवढी साधी गोष्ट कळत नाही?"

कानवाली म्हणाली, "सर, माझ्या पोरीकडे बघा. ती रडतेय. आवाज येत नाहीये."

सरांनी पाहिलं. पोर तोंड फाडून रडत होती. सर म्हणाले,

"मग बरंच आहे की. तेवढीच शांतता."

आणि त्यांनी वायर उपटून डिस्क काढून घेतली.

इथे काका थांबले. अंधारात कुणाचा चेहरा दिसत नव्हता.

"हं," सून म्हणाली.

टेबलावरचा लाल दिवा लागला. रेकॉर्डिंगचा दिवा. कुणी बटण दाबलं नव्हतं.

कॉम्प्युटरवर सगळ्यांत खाली एक नवा ट्रॅक आला. कोरा. मग त्याला नाव आलं. एकेक अक्षर.

गा

गाइ

गाइड

"हे तू केलंस?" सर म्हणाले. ट्रॅकवर एक लाट उमटली. 'हे तू केलंस' एवढ्याच लांबीची.

"बंद कर ते!" आणखी एक लाट. उंच. आणि 'ते' कानवालीला जरा लांबून आल्यासारखं वाटलं.

सर ओरडले. लाट अजून उंच गेली. आवाज अजून लांब. शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. मग गल्लीतून आल्यासारखा. मग…

सर ओरडत होते. मानेच्या शिरा फुगलेल्या. तोंड उघडं. थुंकी उडत होती.

खोलीत आवाज नव्हता.

सगळा आवाज पट्टीवर उतरत होता. लाटांवर लाटा. सरांनी गळा धरला. डिस्क हातातून पडली. ते टेबलाकडे झेपावले, बटणं दाबली, वायरी ओढल्या. लाटा उमटतच होत्या. शेवटी तर ते वाकून हात जोडत होते. कुणापुढे ते कानवालीला दिसत नव्हतं. ओठ तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा बोलत होते.

स्पीकरमधून बाई म्हणाली,

"काम झालं."

डावीकडून सुरुवात झाली. पहिली लाट गेली. दुसरी गेली. हात फिरवून पाटी पुसावी तशी पट्टी कोरी होत गेली. सावकाश. कसलीही घाई नसल्यासारखी. सर बघत होते. शेवटची लाट उरली. छोटीशी.

थांबली.

ती पण गेली.

आणि त्या क्षणी कानवालीच्या कानाशी छकुलीनं असा टाहो फोडला, की खालच्या शिंप्याच्या दुकानात झोपलेला माणूस उठून रस्त्यावर आला.

सकाळी कानवालीचा मला फोन आला. "मामा, या." मी गेलो. वायरी उपटलेल्या, खुर्ची आडवी. सर कोपऱ्यात बसलेले. मला पाहून त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं. नंतर डॉक्टर झाले, मोठे दवाखाने झाले. तोंडात बॅटरी मारून पाहिली, नळी घालून पाहिली. घसा स्वच्छ. कुठे काही दोष नाही. आज इतकी वर्षं झाली, सर हूं की चूं बोललेले नाहीत. झोपेत खोकतात, तो खोकलाही मुका.

कानवाली त्या सकाळी टेबलाशी बसून डिस्क ऐकत होती. छकुली मांडीवर. या वेळी तिनं सगळं ऐकलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मीही ऐकलं. आधी अंगाई. मग ती बाई पोरीला म्हणते, आजी केस ओढून विंचरते, रडू नकोस, तिला दिसत नाही नीट. म्हणते, थंडीत कान झाकत जा. आणि शेवटी म्हणते, गळा माझा आला असेल तर गा. पण कुणाच्या नावाखाली गाऊ नकोस.

कानवालीनं त्याच्या तीन कॉप्या केल्या. एक आपल्याकडे ठेवली, एक मला दिली, आणि एक घेऊन आम्ही दोघं त्या आजीचं घर शोधत गेलो. त्या बाईची पोर आता शाळेत जाणारी झाली होती. तिनं ऐकलं. रडली नाही. म्हणाली, "पुन्हा लावा."

काकांनी गोष्ट संपवली. खाली रस्त्यावरून एक मोटारसायकल गेली.

तेवढ्यात सुनेच्या मांडीवरचं बाळ जागं झालं. चुळबुळलं. त्यानं तोंड उघडलं… सगळ्यांचे श्वास अडकले. सुनेचा हात बाळाच्या छातीवर गेला.

बाळानं भोकाड पसरलं.

"अगं बाई!" पुतणी हसायला लागली. मग सगळेच हसले, जरा जास्तच. सून बाळाला खांद्यावर टाकून थोपटू लागली आणि म्हणाली, "रड रे माझ्या राजा, खुशाल रड." तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं.

वकील हसला नाही. म्हणाला, "काका, गोष्ट चांगली आहे. पण माणसाचा आवाज आजारानंही जातो. आणि बाळ घाबरलं की त्याचा श्वास धरला जातो. हे मी ऐकलंय."

"बरोबर आहे," काका म्हणाले. "मीही स्वतःला हेच सांगतो."

"आणि गाणी? ती कंपनीला गेली का?"

"सरांच्या भावानं दिली. झोपवलेली होती, तशीच्या तशी. कंपनीनं दोन-चार बाजारातही आणली." काकांनी खिशातून फोन काढला. पडद्याच्या उजेडात त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. "त्यातलंच हे एक. शब्दांकडे लक्ष देऊ नका. बासरी ऐका. ही बासरी वाजवली तेव्हा कानवालीचं लग्नही झालेलं नव्हतं. आणि हिचे थांबे तिनं स्वतःच्या हातानं साफ केलेत."

त्यांनी फोन चटईच्या मधोमध ठेवला. सगळे पुढे वाकले. बाळही गप्प झालं.

बासरी वाजली. लांब, संथ. मग बासरीवाल्यानं श्वास घेतला. इवलासा थांबा.

"काही नाही," वकील म्हणाला.

"श्श."

पुन्हा बासरी. पुन्हा थांबा. या वेळी तिथे काहीतरी होतं. खूप लांबचं, बारीक, दुसऱ्याच्या हेडफोनमधून सांडल्यासारखं.

वकिलानं फोन उचलून कानाला लावला. थोडं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. त्यानं फोन खाली ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला, सगळ्यांसाठी.

बासरी थांबली.

आणि त्या थांब्यात पुरुषाचा आवाज आला, घसा फुटेस्तोवर विनवणारा.

"पुसू नका…"